गढूळ पाण्याच्या शोधात

माझ्या सासऱ्यांना समोरच्या माणसाचं नाक दिसत नाही, कान दिसतात. मी चेष्टा करत नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांनीच आम्हाला तसं समजावून सांगितलं होतं. त्यांचा एक डोळा फार पूर्वीच कामातून गेला होता. उरलेल्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता, त्यामुळे जिथे बघावं बरोबर तिथेच एक धुरकट डाग येऊन बसायचा. कडेचं सगळं नीट दिसायचं, मधलं गायब. डाग हळूहळू मोठा होणार, थोपवायचा प्रयत्न करू, असं डॉक्टर म्हणाले होते. बाबा मात्र सौदीत दम्मामच्या विमानतळावर बाहेर आल्या आल्या मला म्हणाले, "अगं, तुझे कान किती सुरेख आहेत! लग्नात लक्षच गेलं नव्हतं."

मी हसले खरी आणि घाईघाईनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

एरवी उन्हाळ्यात आम्हीच नाशिकला पळतो. रास तनुरातल्या आमच्या वसाहतीत जुलैमध्ये कुत्रं भुंकायलासुद्धा उरत नाही, सगळी मराठी घरं कुलूपबंद. पण त्या वर्षी नवऱ्याच्या रिफायनरीत शटडाऊन होतं. शटडाऊन म्हणजे यंत्रं बंद आणि माणसं चालू. रजेचं नावही काढायची सोय नव्हती, म्हणून आई-बाबांनाच व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं.

आईंच्या बॅगेनं आत कस्टमलाच झलक दाखवली होती, ते त्यांनीच बाहेर आल्यावर सांगितलं. गोडा मसाला, मेतकूट, कुरडया हे सगळं बिनबोभाट सुटलं आणि तळाशी फडक्यात बांधलेला मुठीएवढा पांढरा खडा निघाला. कस्टमवाल्यानं तो हातात घेतला, उजेडात धरला, आईंकडे बघितलं. आईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं खड्याला बोट घासून जिभेला लावलं आणि एकदम खुलला. "शब्बा!" म्हणाला. त्यांच्याकडेही तुरटीला मान आहे म्हणे. त्यानं खडा दोन्ही हातांनी आईंना परत दिला, वर कपाळाला हात लावून सलामही केला. तेव्हापासून आईंचं या देशाबद्दल मत चांगलं झालं.

मी तेव्हाच विचारलं होतं, "आई, तुरटी कशाला आणलीत? इथे नळाला समुद्राचं गोडं केलेलं पाणी येतं, काचेसारखं स्वच्छ."

"असू दे गं," त्या म्हणाल्या. "पाणी ते पाणी."

तिथेच मी सावध व्हायला हवं होतं, पण मला मेलीला काय ठाऊक पुढे काय वाढून ठेवलंय!

आता बाबांचं सांगते. बाबा तालुक्याच्या गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांचा सगळ्यात लाडका धडा सूक्ष्मजीवांचा. हॉलंडमध्ये एक कापडाचा व्यापारी होता, कापडाचे धागे मोजायला भिंग वापरायचा. पुढे भिंगांचा त्याला असा नाद लागला, की स्वतःच इवलाली भिंगं करायला लागला. आणि एक दिवस तळ्याच्या पाण्याचा थेंब त्याखाली धरला, तर थेंबात जत्रा! जगात कुणी कधी न पाहिलेले जीव त्यात पळताहेत, वळवळताहेत, एकमेकांना धडकताहेत. त्यानं मिरं भिजवून ठेवलेल्या पाण्यात बघितलं, दातांवरची कीट खरवडून बघितली, जिकडे तिकडे तेच. लोकांनी आधी विश्वास ठेवला नाही. हा धडा बाबा रंगीत खडूंनी फळाभर जीव काढून शिकवायचे. गावात अजूनही लोक त्या फळ्याची आठवण काढतात.

फक्त एक गोम होती. बाबांनी स्वतः यातलं काही कधीच पाहिलं नव्हतं.

शाळेत मायक्रोस्कोप होता, नाही असं नाही. पण तो मुख्याध्यापकांच्या कपाटात. डेड स्टॉकला नोंद, काच नाजूक, फुटला तर जबाबदारी कुणाची? मुख्याध्यापक बदलले, उत्तर बदललं नाही. दसऱ्याला तो बाहेर निघायचा. त्याला हळदकुंकू लावायचे, झेंडूचं फूल वाहायचे, सगळे नमस्कार करायचे आणि परत कपाटात. बाबांनी आयुष्यभर त्या मायक्रोस्कोपला हात जोडले, त्यात डोळा घालायला काही मिळालं नाही. आणि दर वर्षी तो धडा संपला, की मागच्या बाकावरून कुणीतरी उठायचंच, "सर, तुम्ही स्वतः पाहिलेत का?"

"अजून नाही," बाबा सांगायचे. अख्खा वर्ग हसायचा.

येऊन दोन-चार दिवस झाले असतील. सकाळच्या चहाला बशी धरून बाबा म्हणाले, "पोरी, मी सगळी नोकरी ऐकीव माहितीवर केली बघ. पुढच्या वर्षी या डोळ्याचा भरवसा नाही. तो शाबूत आहे तोवर एकदा बघायचंय. चित्र नाही, मेलेलं नाही. हलताना बघायचंय."

आमची कन्या नववीत. ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "आजोबा, सिंपल है ना. सर्च करा, थाउजंड व्हिडिओज आहेत."

"चित्रच बघायचं असतं, तर माझ्या खडूनं काय घोडं मारलं होतं?" बाबा म्हणाले.

तिच्या शाळेतल्या प्रयोगशाळेचं विचारलं, तर शाळेला सुट्टी, सगळे शिक्षक भारतात. नवऱ्यानं ऑनलाइन एक खेळण्यातला मायक्रोस्कोप मागवला. त्यात मला माझ्याच पापण्या दिसल्या, त्याही पुसट. बाबांना काही त्याचं वाईट वाटलं नाही. ते म्हणाले, "त्या व्यापाऱ्याकडे तरी कुठे असलं धूड होतं? एवढंस्सं भिंग आणि दोन पत्रे. आपण काचेचा मणी करू. मोहरीहून लहान. मणी जेवढा लहान, तेवढं मोठं दिसतं."

मी बीकॉम. मला एवढंच कळलं, की आता माझ्या ओट्यावर काहीतरी शिजणार आहे आणि ते खाण्याचं नाही.

तसंच झालं. बाबांनी जॅमच्या बाटलीची काच फोडून पकडीत धरली आणि गॅसवर तापवायला घेतली. फटकन् आवाज आला आणि काच माझ्या फोडणीच्या पोह्यांत. दुसऱ्या दिवशी लोणच्याच्या बरणीचं झाकण. फटकन्! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "बाबा, हा ओटा माझा आहे हं!" असं मी म्हटलंसुद्धा. सासऱ्यांशी असं बोलायचं नसतं, मला कळतं, पण पोहे काचेसकट खायचेही नसतात.

आई दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "बाटलीची काच हट्टी असते. बांगडीची लवकर ऐकते."

बाबांनी मान तिरकी करून त्यांच्याकडे बघितलं. हल्ली बघायचं तर त्यांना मान तिरकीच करावी लागायची.

"लहानपणी आम्ही मेणबत्तीवर बांगड्यांच्या तुकड्यांची तोरणं करायचो की," आई म्हणाल्या. "तुकडा तापवायचा, वाकवायचा, एकात एक अडकवायचा. अशी लांबच्या लांब साखळी. माझ्या माहेरच्या दारावर होतं ना तोरण? तुम्ही बघायला आलात तेव्हा त्याच्याखालूनच आत आलात."

"मी तेव्हा तोरणाकडे बघत नव्हतो," बाबा म्हणाले. आई या वयातही लाजल्या.

हातातली बांगडी द्यायला मात्र त्या साफ नाही म्हणाल्या. सवाष्णीच्या हातातला चुडा विस्तवात घालायचा, हे कसलं शास्त्र? पण दम्मामला बॅग ओढताना त्यांची एक हिरवी बांगडी वाढली होती. तिचे तुकडे इकडेतिकडे टाकायला नकोत म्हणून त्यांनी रुमालात बांधून ठेवले होते. बरंच मागेपुढे करून त्यांनी तो रुमाल सोडला.

आणि काय सांगू, बांगडी खरंच लवकर ऐकली! आईंनी दोन चिमट्यांत तुकडा धरला, मधला भाग लाल होऊ दिला आणि हात अलगद लांब केले. काचेचा केसासारखा धागा निघाला. त्या धाग्याचं टोक बाबांनी ज्योतीच्या कडेला धरलं. टोक आपोआप गोल झालं, मुंगीच्या डोक्याएवढं. पहिल्या मण्यांत बुडबुडे राहिले, काही वाकडे झाले, एक फरशीवर पडून जो गेला तो गेलाच. शेवटी एक साधला. आजोबा-नातीनं कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापला, सुईनं भोक पाडलं आणि दोन पत्र्यांच्या मध्ये मणी बसवला. मी आईंच्या पदराचा एक धागा त्यासमोर धरून खिडकीकडे बघितलं.

"अगंबाई!" मी ओरडलेच. धागा कसला, विहिरीचा दोर होता तो. आणि सगळ्या जगाला हिरवट झाक.

भिंग झालं. आता पाणी हवं, आणि तेही घाण.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? आमच्या गावी घराबाहेर पाऊल टाकलं तर डबकं. पण रास तनुरात डबकं कुठून आणणार? जुलैत इथे अंगणात पाणी सांडलं, तर चप्पल घालून बाहेर येईपर्यंत वाळलेलं असतं. तळं नाही, ओढा नाही, हौद झाकलेला. नळाच्या पाण्यात औषध. शेवटी मी आमच्या इमारतीच्या राखणदाराला गाठलं. म्हातारा येमेनी माणूस, फार सज्जन. माझं अरबी म्हणजे भाजीबाजारापुरतं. मी म्हटलं, "मोया वसिखा?" म्हणजे घाण पाणी. त्याचा चेहराच पडला. हात जोडल्यासारखे करून काहीतरी पुटपुटला आणि धावत गेला. मला वाटलं, आणायला गेला.

दुपारी तीन माणसं पंप आणि नळ्या घेऊन आली. त्यांनी इमारतीची टाकी रिकामी केली, घासली, औषध मारलं. संध्याकाळी राखणदार घाम पुसत दारात आला, छाती काढून म्हणाला, "खलास, मदाम! नदीफ, नदीफ!" म्हणजे स्वच्छ. मी कपाळावर हात मारून घेतला आणि त्याला चहा पाजला. एवढं करून नाही कसं म्हणणार?

मग बाबांनी घरातच घाण पैदा करायचं ठरवलं. माझ्या आठ वाट्या गेल्या. एसीखालच्या बादलीतलं पाणी एकीत, समुद्रावरून बाटली भरून आणलं होतं ते दुसरीत, सुकलेली खजुराची पानं भिजत घातली ती तिसरीत, आणि त्या व्यापाऱ्याच्या मानासाठी मिरं भिजवलेली एक. स्वयंपाकघराच्या खिडकीत तुळशीच्या कुंडीशेजारी वाट्यांची रांग लागली. वास यायला लागला. मी नाक मुठीत धरून पोळ्या लाटायची. बाबा रोज एकदा येऊन वाकून वास घ्यायचे आणि खूश होऊन जायचे. "मुरू दे, मुरू दे," म्हणायचे, लोणच्याला म्हणावं तसं.

पुढे वास यायचा थांबला. मला वाटलं, मला सवय झाली.

शुक्रवार ठरला. नवरा अर्धा दिवस घरी होता. सकाळी खिडकीत असं लख्ख ऊन, की दिव्याची गरज नाही. बाबांनी आंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता. चिकटपट्टीवर एसीच्या पाण्याचा थेंब घेतला, मण्यासमोर बसवला, पत्रा डोळ्याला लावला. बाबा कितीतरी वेळ बघत होते. मग दुसरी वाटी, मग तिसरी.

"तू बघ," त्यांनी मला पत्रा दिला.

मी बघितलं. हिरवट उजेड, बाकी शुकशुकाट. "मला तर काही नाही दिसलं," मी म्हटलं. पण माझा चष्मा, माझं बीकॉम. माझ्या दिसण्या-न दिसण्याला कोण विचारतो? मग नवऱ्यानं घेतला. भुकेला होता, पानं मांडून झाली होती. पत्रा डोळ्याला लावला न लावला तोच म्हणाला, "हां, हां! दिसतंय की. मस्त पळतायत बाबा!"

इंजिनिअर माणूस म्हणतोय म्हणजे असणारच, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. बाबांनी पुन्हा एकदा पत्रा घेतला. पुन्हा बघितलं. मग तो हळूच टेबलावर ठेवला आणि मुलाकडे मान वळवून म्हणाले, "चला. तुझ्या डोळ्यांनी पाहिलं, मला पोचलं."

जेवताना त्यांनी आमटी दोनदा वाढून घेतली, कन्येशी गप्पा मारल्या, कुणाला काही जाणवू दिलं नाही. पण त्या दिवसापासून माझ्या कानांची चौकशी थांबली. बसल्या जागी बाबा डोळे मिटून घ्यायचे. पेपर स्वतः तिरका धरून वाचायचे, तो आईंकडून वाचून घ्यायला लागले. आईंनी हळूच काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले, "दुकान बंद झालं गं." मला तर रडूच फुटलं. मी भांडी घासायच्या निमित्तानं नळ सोडून उभी राहिले. माणसानं आयुष्यात एक गोष्ट मागावी, तीही थेंबभर पाण्यातली, आणि तेवढीही मिळू नये?

असा आठवडा गेला. त्यांचं परतीचं विमान मंगळवारी होतं. रविवारी सकाळी मला लवकर जाग आली. स्वयंपाकघरात खुडबूड ऐकू आली म्हणून गेले, तर आई खिडकीपाशी. त्यांच्या हातात विमानतळावरचा तो मानकरी खडा. एका वाटीत गरगर फिरवत होत्या. फिरवून झाल्यावर वाटी थोडी थांबू दिली, वरचं नितळ पाणी दुसऱ्या वाटीत ओतलं, खालचा गाळ सिंकमध्ये, वाटी विसळून पालथी. मग पुढची वाटी. काय तो हात, काय ती सफाई!

"आई," मी म्हटलं. "हे तुम्ही रोज करता?"

"मग?" आई म्हणाल्या. "ह्यांना आधीच कमी दिसतं. गढूळ पाण्यात काय दिसणार, कप्पाळ? पाणी नितळ असलं तर निदान नीट दिसेल, म्हणून पाणी गढुळल्यापासून तुरटी फिरवून ठेवते."

मी तिथल्या तिथे स्टुलावर बसले. बाबा ज्याची वाट बघत होते, ते सगळं रोज पहाटे माझ्या सिंकमधून समुद्राला मिळत होतं. आईंच्या तोंडावर एवढी माया होती, की रागवायचीही सोय नाही.

"आणि मिरं?" मी विचारलं. "भिजवलेली मिरं कुठेयत?"

"वाळवून डब्यात घातली परत. चांगली मिरं टाकायची होय?"

म्हणजे गेले कितीतरी दिवस आम्ही बाबांचं संशोधन आमटीतून ओरपत होतो!

मी हसायला लागले आणि हसता हसता एकदम थांबले. पाण्यात काही नव्हतंच. मग नवऱ्यानं काय पाहिलं?

इथे एक सांगायला हवं. आई-बाबा घरी असले, की मी नवऱ्याला 'अहो' म्हणते. तेवढा महिना आमचा संसार फार सभ्य चालतो. त्या संध्याकाळी तो ड्युटीवरून आला, बूट काढतोय तोच मी समोर. "अरे, तू त्या शुक्रवारी काय पाहिलंस?"

'अरे' ऐकून तो जागीच थिजला. आईंनी जपमाळ थांबवली. कन्येनं मोबाइल खाली ठेवला, ही तर ऐतिहासिक घटना.

"कुठे काय?"

"भिंगात. मस्त पळतायत म्हणालास ते कोण पळत होतं?"

तो बाबांकडे बघायचं टाळत म्हणाला, "काही नाही दिसलं मला. बाबांना बरं वाटावं म्हणून म्हटलं."

"बरं वाटावं म्हणून!" माझा असा काही पारा चढला, की राखणदाराला खाली ऐकू गेलं असेल. "बाबांना वाटलं आपला डोळाच गेला! तुझ्या मस्तच्या नादात एक माणूस आठवडाभर डोळे मिटून बसलाय, आणि तू डबे चापतोयस? तोंड उघडण्याआधी नीट बघायला काय धाड भरली होती?" मग तुरटीचं सगळं रामायण मी सगळ्यांसमोर सांगितलं.

नवरा हातात बूट घेऊन तसाच उभा. आईंचा चेहरा एवढासा झाला. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीतून पहिल्यांदा खुसखुस आली, मग खदखद, आणि मग बाबा असे हसायला लागले, की कवळी हातात काढून घ्यावी लागली. "म्हणजे," ते बोळक्या तोंडानं म्हणाले, "माझा डोळा नापास झालाच नाही! पेपरच कोरा होता!"

आई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "अहो, मी तुमच्यासाठीच..."

"माहीत आहे गं. तुझ्याइतकं स्वच्छ पाणी त्या हॉलंडवाल्यानंही कधी पाहिलं नसेल."

पण हसू ओसरल्यावर सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं. मंगळवारी विमान. नवं पाणी मुरायला वेळ कुठे होता? मी खिडकीतल्या त्या आठ लखलखीत वाट्यांकडे बघत बसले. मग माझी नजर कुंडीकडे गेली.

"आई, तुळशीखालची ताटली?"

"तिला नाही हात लावला," आई म्हणाल्या. "तुळशीचं ते तुळशीचं."

ताटलीत बोटभर पाणी होतं. हिरवं, बुळबुळीत, काठाला शेवाळ, वर दोन कुजकी पानं. इतकी सुंदर घाण मी जन्मात पाहिली नव्हती.

सोमवारी सकाळी ऊन आलं तसं बाबा खिडकीपाशी बसले. या वेळी धुतलेला सदरा वगैरे काही नव्हतं, बनियनवरच होते. नवरा उशिरा येतो म्हणून कळवून घरीच थांबला होता. मी ताटलीतला थेंब चिकटपट्टीवर घेतला, आधी स्वतः बघितलं, आणि ओठ घट्ट मिटून घेतले. मी काही बोलणार नव्हते. या घरात बोलण्यानं पुरेसा घोळ झाला होता. पत्रा बाबांच्या हातात दिला.

बाबांनी डोळा लावला. सरळ बघितलं. बराच वेळ. खांदे हळूहळू खाली यायला लागले. "मध्ये सगळं पुसलेलंच आहे गं," ते म्हणाले.

मी पत्रा परत घ्यायला हात पुढे केला. आणि त्याच वेळी मला आमच्या हॉलमधली पाल आठवली. महिनाभर तिनं आमच्या घरी मुक्काम ठोकला होता, आणि ती भिंतीवर हलली, की सगळ्यांच्या आधी कुणाला दिसायची? बाबांना! माणसाचं नाक न दिसणाऱ्या बाबांना. मी जवळजवळ ओरडलेच, "बाबा, पालीला बघता तसं बघा! तिच्याकडे नका बघू, बाजूला बघा!"

बाबांनी मान तिरकी केली. पत्रा थोडा सरकवला. नजर भिंतीच्या कोपऱ्याकडे लावली, जणू तिथेच काहीतरी बघायचंय. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. बोटांनी पत्रा घट्ट धरला.

"गेलं," ते कुजबुजले. "आत्ता कडेनं काहीतरी गेलं. परत आलं! अगं, पळतंय! दुसरं आलं, ते लांबट आहे, ते... धडकलं! धडकलं त्याला!"

"दिसलं?" नवरा म्हणाला.

"तू गप्प बस," बाबा म्हणाले. "तुझा नंबर शेवटी."

मग पत्रा आईंकडे गेला. आईंनी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं आणि किंचाळल्याच. "अगं आई गं! ही एवढी? आणि तुळशीत?" पण पत्रा सोडेनात. बाबा त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. आई सांगत होत्या, एक चपलेच्या तळव्यासारखं आहे, गोल गोल फिरतंय, एकाला जिकडे तिकडे केस आहेत, आता हिरव्या ढिगात शिरलं. आणि बाबा, "हां, तेच. हां, त्याला मी गुलाबी खडू वापरायचो," असं म्हणत मान हलवत होते. कन्येनं बघितलं, म्हणाली, "आजोबा, ये तो रिअल है," आणि पुन्हा बघितलं. नवऱ्यानं सगळ्यात शेवटी, सगळ्यात जास्त वेळ बघितलं आणि फक्त "सॉरी बाबा" म्हणाला.

बाबांनी पत्रा परत घेतला, आणखी एकदा भिंतीच्या कोपऱ्याकडे बघत बघितलं. मग उठून उभे राहिले. पाठ सरळ केली. उजवा हात बनियनच्या बाजूला खिशासाठी चाचपत होता. तिथे खिसा नव्हता आणि खडूही नव्हता.

"विचारा," ते म्हणाले.

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"अरे, विचारा की कुणीतरी!"

मला एकदम कळलं. मी गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि मागच्या बाकावरून उठावं तशी उभी राहिले.

"सर," मी म्हटलं, "तुम्ही स्वतः पाहिलेत का?"

बाबा माझ्याकडे बघत होते. म्हणजे माझ्या कानाकडे. त्यांचा डोळा भरून आला होता, पण आवाज अगदी वर्गातला.

"पाहिले," ते म्हणाले. "बस खाली."

आणि मी बसले.